किमतीचे कान

वडगाव, बेळगाव
९ जून २०२५

चि. स्वरूपा,
परसूमामाचे आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळी जित्ती हायत. मेलंय ते माझं कानाचं यंत्र. रविवारी सकाळी तोंड धुतलं, यंत्र कानामागं लावलं, दिवा लागला न्हाय. तुझी मामी समोर उभी राहून तोंड हलवत होती. मला वाटलं, ही रुसून बिनआवाजाची बोलतीया. मग लक्षात आलं.

फोन घेऊन उपयोग न्हाय, आणि मोबाईलवर लिवायला गेलो तर माझा अंगठा एका दणक्यात तीन अक्षरं दाबतो. म्हणून पत्र. मी बोलतो तसंच लिवणार, लाल पेन घेऊन बसू नकोस.

सहा वर्षांमागं तापात माझे दोन्ही कान गेले तवा तू परीक्षेत होतीस, तुला कुणी धड सांगितलं न्हाय. ऑपरेशन करून कवटीच्या हाडात केसासारखी तार बसवली. तिला बावीस टोकं. ती जन्मभर आतच. बाहेर कानामागं लावायचं यंत्र आवाज धरतं, त्याचे बावीस वाटे करतं आणि आत धाडतं. दिपाली मॅडम म्हणजे कान तपासणाऱ्या बाई, त्यांनी चित्र काढून दाखवलं तवा मी म्हणालो, मॅडम, हे तर जॅकार्ड हाय. आमच्या मागावर पदरात मोर उठतो तो असाच. पुठ्ठ्याला भोक असलं की हुक दोरा उचलतो, नसलं की खाली ठेवतो, आणि त्या वर-खालीतनं मोर हुबा राहतो. इथं बावीसच हुक, पण त्यातनं तुझ्या मामीचा, मनूचा आवाज हुबा राहायचा. सहा वर्सं रोज सकाळी दिवा लागला की अंगावर काटा यायचा. माणसानं माणसासाठी एवढं करावं? मला तर देवाचं काम वाटतं.

माझं पोट कानावर हाय हे तुला ठाऊक हाय. दुसरे जॉबर, मागाचे मिस्त्री, बिघाड झाला की पाना घेऊन खोलत बसत्यात. मी दारात उभा राहून ऐकतो आणि बोट दाखवतो. जॅकार्डचं काम आख्ख्या वडगावात माझ्याबिगर कुणाला येत न्हाय. आता दारात उभा राहतो ते नुसताच उभा राहतो.

जुन्या यंत्राचे भाग कंपनीनं बंद केले. नवं बेळगावच्या दुकानात चार लाख दहा हजार. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त बघतो म्हटलं तर दुकानातला माणूस मान हलवून हसला. आतली तार ज्या कंपनीची, बाहेरचं यंत्र तिचंच चालतं. तू निपाणीहून रोज कोल्हापूरला विम्याच्या हाफिसात जातीस, काही वाट निघते का बघ. मी तोवर कोल्हापूरला जाऊन भाव काढून येतो. आपण सीमेवरची माणसं, दोन्हीकडं विचारल्याबिगर चमचा बी घेत न्हाय. पेट्रोलाचा फरक पडतो तसा कानाचाबी पडत असणार.

आक्काला यातलं सांगू नको. ती माझी थोरली भण, पण माझ्यासाठी अजून लहान पोरागत रडती.

तुझा मामा
परसू


निपाणी
१६ जून २०२५

ती. परसूमामा,
नमस्कार. तुमचं पत्र आईनंच उघडलं. रडून झालं, आता देवाला नारळ बोलून बसली आहे. तेव्हा लपवालपवी संपली.

मामा, कोल्हापूरला जाऊ नका. पेट्रोलाचा भाव दोन राज्यांत वेगळा पडतो, कारण कर दोन सरकारांचे. हे यंत्र एका कंपनीचं, आणि भाव तिचा एकटीचा. सीमेवरून आपली माणसं साठ वर्षं भांडतायत, पण या भावाला सीमा कुठं आहे तेच माहीत नाही. फुकट दिवस जाईल.

विम्याचं म्हणाल तर तुमच्या नावावर पॉलिसी नाही, आणि माझ्या नोकरीच्या विम्यात मामा बसत नाही. आई बसते. मी हेही पाहिलं की आता नवी पॉलिसी काढली तर जुन्या दुखण्याला लगेच लागू होत नाही.

एक मात्र ऐका. कुठल्याही दुकानात गेलात तर मी कुठं काम करते ते सांगू नका. का, ते सावकाश लिहीन.

मामींना सांगा, त्यांच्या हातच्या लसणीच्या चटणीची बाटली संपली.

तुमची
स्वरूपा


वडगाव
२३ जून २०२५

चि. स्वरूपा,
तुझं पत्र आलं तवा मी कोल्हापूरला जाऊन आलतो. आणि जे सांगू नको म्हणालीस ते सांगूनबी आलतो. आता शिव्या दे.

काय झालं ते सांगतो. दुकान कसलं, देवळागत गार आणि चकचकीत. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तिथला माणूस लई गोड. त्यानं वहीवर लिवून विचारलं, विमा आहे का. पोरी, माझ्या जागी तूबी तेच केलं असतंस. समोर एवढा टाय लावलेला माणूस, आणि मी धोतरात. मी म्हणालो, विमा? माझी सख्खी भाची तुमच्या ह्याच कोल्हापुरात विम्याच्या हाफिसात सायबीण हाय. तिच्या सहीबिगर तिथं कागद हलत न्हाय. त्याला लई आनंद झाला. चहा आला. माझ्या डोक्यातल्या तारेचा नंबर कार्डावरून कम्प्युटरात घातला आणि कागद छापून दिला. पाच लाख तीस हजार.

मी म्हटलं, बेळगावात चार दहा सांगत्यात. तो नुसता हसला. मी मनात म्हटलं, चोर, आपलं बेळगावच बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेळगावच्या दुकानात गेलो. त्यांनी तोच नंबर घातला आणि कागद काढला. पाच लाख तीस हजार. आठ दिवसांमागं ह्याच टेबलावर चार दहा म्हणालतासा की, म्हटलं. त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. माझं नाव, तारेचा नंबर, आणि पुढं लिवलेलं, विमा आहे.

स्वरूपा, मी एकसष्ट वर्षांचा झालो, बाजारात ढीग लबाड बघितले. पण असलं न्हाय बघितलं. मी कोल्हापुरात एक बढाई मारली, आणि ती सत्तर मैलांवर बेळगावात ऐकू गेली. मला कानाशी ढोल वाजवला तर ऐकू येत न्हाय. त्या किमतीला मात्र समदं ऐकू येतं. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो, किमतीला असतात हे आज बघितलं. मी घरी येऊन मनूला हे सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. ते मला ऐकायची गरज पडली न्हाय.

परसूमामा


निपाणी
५ जुलै २०२५

ती. मामा,
शिव्या देणार होते, पण पत्र वाचून आई आणि मी इतक्या हसलो की राग निघून गेला. "सायबीण" तीन जणांच्या खोलीत पंख्याखालच्या टेबलासाठी भांडते.

पाच तीस हा आकडा वाचून मात्र हसू थांबलं. त्याबद्दल पुढे कधीतरी.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण मलाही हे कळायला चार वर्षं लागली. दहा दुकानदार असले की किंमत वस्तूची असते. एकाच्याच हातात वस्तू असली की किंमत वस्तूची राहत नाही, घेणाऱ्याचा हात किती लांब पोचतो त्याची होते. विमा म्हणजे काय, तुमच्या हाताला जोडलेला दुसऱ्याचा हात. तो जोडला की हात लांबतो, आणि फळ तेवढंच वर चढतं. रुग्णाला वाटतं विम्यानं भरलं. विम्याला वाटतं रुग्णाचं भलं झालं. आणि झाडाखाली दोघंही तेवढ्याच टाचा उंच करून उभे.

मी एका चिठ्ठीचा नमुना पाठवते. त्यावर सही करून दुकानात द्या, की माझा कसलाही विमा नाही, भाची मदत करणार नाही. पुन्हा चार दहा होईल. चार दहा तरी कुठून आणायचे, ते मला सुचलेलं नाही. तोवर मागाला हात लावून बघा, कानाचं काम तळव्याला थोडं जमतं म्हणतात.

स्वरूपा


वडगाव
२४ ऑगस्ट २०२५

चि. स्वरूपा,
चिठ्ठी दिली, चार दहा झालं. कागदावर भाचीनं मला वाऱ्यावर सोडलं, आणि किंमत लगेच विरघळली. चमत्कारच म्हणायचा.

पण तळव्याचं तू सांगितलंस ते फसलं गं. गल्लीतला रवळू, त्याचा माग पदरावर दोरे सोडत होता. मला बोलवायला आला. सांगायला पायजे होतं, मला ऐकू येत न्हाय. न्हाय सांगितलं. मागाच्या अंगावर हात ठेवला, डोळे मिटले, थरथर लागली, आणि म्हणालो, डावीकडचे हुक. डावीकडचे काढून सरळ केले. माग सुरू केला आणि पाच मिनिटांत उजवीकडनं आख्खा पट्टा तुटला. सहा साड्यांचा ताणा, म्हणजे सगळे उभे दोरे. रवळू काही बोलला असेल तर मला ऐकू आलं न्हाय. पण त्याच्या बायकोनं तुटलेले दोरे गोळा केले ते मी बघितलं.

त्यानंतर कुणी बोलवायला आलं न्हाय. मीच नको म्हणायच्या आधी लोकांनी ओळखलं. आता मी मनूच्या मागाजवळ बसतो आणि धोटा इकडनं तिकडं जाताना नुसता बघतो. बिनआवाजाचा माग चालताना कधी बघितलास का? सगळं हलतं आणि काहीच होत न्हाय असं वाटतं. मला भीती वाटती ती ह्याची, की मी असाच संपणार. यंत्र न्हाय आलं तर मी जॉबर न्हाय, आणि जॉबर न्हाय तर मी कोण ते मला ठाऊक न्हाय.

पेपरात आलंय, सरकार दिवाळीच्या आधी कर कमी करणार. दवाखान्याच्या वस्तूंवरबी म्हणत्यात. खरं का गं? तेवढ्यावर टेकलोय.

परसूमामा


निपाणी
२७ सप्टेंबर २०२५

ती. मामा,
सोमवारी नवे दर लागू झाले. मी वाट बघत होते. आईची साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी औषधाच्या दुकानात त्याच आठवड्यात स्वस्त मिळाली. दुकानदारानं न मागता कमी केले. त्या पट्ट्या आठ-दहा कंपन्या करतात, एकीनं उतरवलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीची उचलतं.

तुमच्या यंत्राचा, सगळ्या जोडवस्तूंसकट, नवा कागद मी मागवून घेतला. जुना आणि नवा एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. मामा, खालचा एकूण आकडा आकड्यावर बसला. चार लाख दहा हजार. कराची ओळ खरोखर लहान झाली होती. वरची मूळ किमतीची ओळ बरोबर तेवढीच मोठी झाली होती, रुपयाचाही फरक नाही. राग यायला हवा होता, पण आधी वाटलं ते आश्चर्य. दिल्लीत कुणीतरी ओंजळभर पाणी सोडलं, आणि ते इतक्या लांब येऊन एक थेंब न सांडता नेमकं एकाच भांड्यात पडलं.

आता जे टाळत होते ते लिहिते. गेल्या वर्षीपर्यंत आमचं ऑफिस या यंत्राला साडेतीन लाखांपर्यंत भरत होतं. विमावाल्यांना ते चार दहाला मिळायचं, म्हणजे वरचे साठ हजार रुग्णाच्या खिशातून. एक बाई माझ्या टेबलासमोर बसून कानातल्या कुड्या काढून रुमालात बांधत होती. कानासाठी कानातलं विकायला निघाली होती. ते मला बघवलं नाही. मी टिपण लिहिलं, मर्यादा चार लाख सत्तर हजार करावी. तीन वेळा परत आलं, तीन वेळा लिहिलं. मार्चमध्ये मंजूर झालं तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले.

मे महिन्यात विमावाल्यांसाठी नवा भाव आला. पाच लाख तीस हजार. वजा करून बघा. साठ हजार, तेवढेच. कुड्या अजूनही रुमालातच जातात. वरून आता सगळ्यांचे हप्ते वाढतील.

तुम्ही जून महिन्यात बढाई मारलीत म्हणून हसले मी. त्या कागदावरचा आकडा माझ्या हातचा होता मामा. माझं नाव सांगू नका म्हणाले ते नोकरीच्या भीतीनं नाही, लाजेनं.

स्वरूपा


वडगाव
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. स्वरूपा,
आज खंडेनवमी. सकाळीच माग धुतले, हळदकुंकू लावलं, धोटा आणि पाना पाटावर मांडून पूजा केली. वर्षात ह्या एका दिवशी वडगावातले झाडून सगळे माग बंद. लहानपणापासनं मला ह्या दिवसाचं भ्या वाटायचं. आवाज बंद झाला की गाव गेल्यागत वाटायचं. यंदा मला काहीच फरक कळला न्हाय. जूनपासनं माझी रोज खंडेनवमीच चाललीया.

तुझं पत्र पाटाशेजारी ठेवून चार येळा वाचलं. तू लाजू नकोस. लाजायचा नंबर माझा हाय. आज हत्याराच्या पुढ्यात बसून खोटं लिवता येत न्हाय म्हणून सांगतो. हे मनूलाबी धड ठाऊक न्हाय.

मी एका जॅकार्डच्या दुरुस्तीचे सहाशे घ्यायचो. नऊ-दहा वर्षांमागं आमच्या गल्लीतल्या विणकरांच्या सोसायटीनं ठरवलं, दुरुस्तीचा निम्मा खर्च सोसायटी देणार. ठराव वाचून दाखवला तवा मी मागच्या बाकड्यावर बसलोतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासनं मी हजार घ्यायला लागलो. कुणी शिकवलं न्हाय गं. बसल्याजागी कळलं. विणकराला पाचशे पडत होते, म्हणजे त्याचे शंभर वाचले, तो खूश. सोसायटीच्या पाचशातले चारशे माझ्या खिशात, आणि कुणी चकार शब्द काढला न्हाय. काढून जाणार कुठं? जॅकार्डचं काम माझ्याबिगर कुणाला येत न्हाय. दोघं-तिघं शिकवा म्हणून आलते. त्यांना मी सांगितलं, हे शिकवून येत न्हाय, कान लागतो. तेबी खोटं. शिकवलं तर येतं.

सोसायटीचा पैसा चार वर्षांत आटला. मदत बंद झाली. मी हजारावरून खाली आलो, पण सहाशेवर न्हाय आलो. आठशेवर थांबलो.

तुझं पत्र वाचून मी त्या कंपनीला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती कंपनी कुठल्या देशातली, तिचा मालक कोण, मला ठाऊक न्हाय. पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला तळहातावर दिसतंय. एवढा मोठा कारखाना, एवढी अक्कल, आणि आत बसलाय तो वडगावचा परसू. मला लई नवल वाटलं पोरी, आणि मग लई वाईट वाटलं.

परसूमामा


निपाणी
१३ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,
तुमचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परसू लहानपणीबी चोरून गूळ खाल्ला की संध्याकाळला स्वतःच सांगायचा." एवढंच.

आणि एक बातमी आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जुन्या फायली पुन्हा काढल्या. एप्रिलमध्ये, भाव चढायच्या आधी, विम्यात नवं यंत्र घेतलेल्या एका बाईंचं जुनं यंत्र तुमच्याच कंपनीचं, आणि मॉडेलही तुमचंच. जुनं बिघडलंच नव्हतं. वॉरंटीची मुदत संपली, विमा भरतोय तर घ्या की नवं, असं दुकानानं सुचवलं. एरवी नवं देताना कंपनी जुनं परत मागून घेते, थोडी सूट देते, आणि ते मोडीत काढते. म्हणजे बाजारात जुनं उरतच नाही. इथं सगळी रक्कम विम्यातून आली, सूट कुणी मागितली नाही, म्हणून जुनं परत मागायचं कंपनी विसरली. मामा, ज्या विम्यानं भाव चढवला, त्याच विम्यानं एक कान कुणाच्या तरी कपाटात विसरून ठेवला.

फाईलमधलं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. दिपाली मॅडमना फोन केला. त्या बाई त्यांच्याकडेच तपासायला येतात. मॅडम त्यांना विचारतील. त्या हो म्हणाल्या तर मॅडमच तुम्हाला निरोप देतील. नाही म्हणाल्या तर आपण काहीच ऐकलं नाही.

आईनं दुसरा नारळ बोललाय.

स्वरूपा


वडगाव
१६ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपा,
फोन करता आला असता. मुद्दाम केला न्हाय. हे लिवायलाच पायजे.

दिवाळी झाल्यावर दिपाली मॅडमांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. त्या बाईंनी नाव सांगायला हरकत न्हाय म्हटलंय. पूर्णिमाबाई, खानापूरच्या, तिथं शाळेत शिकवत्यात. मी आणि मनू गेलो. भात कापून शेतं मोकळी झालीती. त्यांचे सासरे मारुतीराव ओसरीवर धान वाळवत होते. बाई आतनं एक पितळी डबी घेऊन आल्या, कापसात गुंडाळलेलं यंत्र.

मी विचारलं, काय द्यायचं? तिथंबी तेच होतं. जगात मला लागणारी एक वस्तू आणि ती एकीच्याच हातात. त्या म्हणाल्या असत्या दोन लाख, तर मी एक माग विकून दिले असते, आणि त्यांना ते दिसत होतं. मला ऐकू येत न्हाय म्हणून त्यांनी पाटीवर लिवलं. शिक्षिकेचं अक्षर, मोठं, सरळ. "मला हे कुणीतरी भरून दिलं. मी कशाचे घेऊ?" मनूनं पिशवीतनं साडी काढली, तिनं स्वतः विणलेली, पदरावर मोर. ओटी भरली. मी म्हटलं, हा मोर जॅकार्डच्या हुकांनी उठतो. पूर्णिमाबाईंनी मोरावरनं हात फिरवला आणि पाटीवर लिवून विचारलं, किती हुक? मी म्हटलं, शेकड्यांनी. त्यांनी आपल्या कानामागं बोट लावून लिवलं, बावीस. आम्ही दोघंबी हसलो. मारुतीरावांना काही कळलं न्हाय.

यंत्र माझ्या तारेला जुळवायला दिपाली मॅडमांना दोन फेऱ्या लागल्या. एक-एक टोक, बारीक आवाज, मी हात वर करायचा. मग त्यांनी सगळी टोकं एकदम उघडली आणि मनूला म्हणाल्या, बोला काहीतरी. पाच महिने तिनं हातवारे केलते. तिला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाली, "लाईटचं बिल भरायचं राहिलंय."

स्वरूपा, मी तिथं खुर्चीत बसून रडलो. लाज वाटली न्हाय. तुकड्या-तुकड्यानं येत होता, पत्र्यावर खडे पडल्यागत, पण तो मनूचा आवाज होता. माणसाच्या डोक्यात केसाएवढी तार, कपाटातनं आलेलं जुनं यंत्र, आणि त्यातनं लाईटचं बिल.

आता दुसरं. घरी आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी रवळूच्या दारात गेलो. त्याचा माग चालू होता. उंबऱ्यावर उभा राहून ऐकलं आणि म्हटलं, उजवीकडचा हुक अजून चावतोय. मग मी स्वतः हुक खोलला न्हाय, त्याच्याच मागाजवळ जमिनीवर बसलो आणि म्हणालो, बस इथं, डोळे मिट, कुठला ठोका पोकळ येतो ते सांग. पहिल्या दिवशी चुकला. चौथ्या दिवशी बोट बरोबर ठेवलं. आता तो आणि शेजारचा भरमू, दोघं येत्यात. मी काही राखून ठेवत न्हाय.

काल रवळूनं सोसायटीच्या भिंतीवर पाटी लावली. जॅकार्ड दुरुस्ती, पाचशे रुपये. माझे आठशे कोण देणार? मीबी पाचशे केले. रात्री जेवताना मनू म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलासा." मी म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

सोसायटीत कुजबूज हाय, सरकारकडनं दुरुस्तीला पुन्हा निम्मी मदत येणार. येऊ दे. कुणाच्या खिशात काय आलं, कुणाचा हात किती लांबला, हे माझ्या कामाच्या किमतीला आता ऐकू येत न्हाय. मला येतं.

तुझा
परसूमामा